नाशकात बसून जर्मन शिकायचंय? मग इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून सुरू करा

सातपूर, अंबड, सिन्नर, कुठेही जा, जर्मन शिकतोय असं सांगणारं कोणीतरी भेटतंच आता. कोणाला आउसबिल्डुंगला जायचंय (म्हणजे कंपनीत काम करत, स्टायपेंड घेत शिकायचं ते ट्रेनिंग), कोणाचं नर्सिंग झालंय, कोणाचं लग्न ठरलंय आणि नवरा तिकडे आहे म्हणून व्हिसासाठी ए१ हवंय (जर्मनची सगळ्यात पहिली पातळी, त्यापुढे ए२, बी१ अशा चढत्या), आणि काहींना नुसतीच आवड. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यानंतर तर चौकशी करणारे अजूनच वाढले. या सगळ्यांना माझं पहिलं सांगणं एकच असतं, की बाबांनो जर्मन इंग्रजीतून शिकू नका. पुस्तकं इंग्रजीत, अ‍ॅप इंग्रजीत, क्लासमध्ये सर पण इंग्रजीतून समजावणार, आणि मग आपण डोक्यात मराठीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं जर्मन असं दोनदा भाषांतर करत बसतो. खरं तर बऱ्याच ठिकाणी मराठी जर्मनच्या जास्त जवळ आहे आणि हे कोणी सांगतच नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

एक आधीच सांगते, इथे मी जर्मन शब्द देवनागरीत लिहिलेत, फक्त उच्चार कळावा म्हणून. स्पेलिंग डिक्शनरीत बघून वहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, ते सुटत नाही कोणालाच.

पहिला आठवडा फक्त तोंडाचा

ग्रामर नको, वाक्यं नकोत, नुसते आवाज. इंग्रजीवाल्यांना ज्या आवाजांसाठी घाम गाळावा लागतो त्यातले निम्मे आपल्या तोंडात आधीच आहेत. जर्मनमधला झेड घ्या, त्याचा उच्चार त्स होतो, म्हणजे "चमचा" म्हणताना जो च येतो तो (चहातला नाही बरं का). स्वराच्या आधी आलेला एस साधारण "जागा", "जाड" मधल्या ज सारखा. आणि ज्याच्यावर सगळे अडतात तो "इश" (म्हणजे मी) मधला शेवटचा आवाज, तो श पण नाही आणि ख पण नाही, तुम्ही "ह्या" म्हणायला सुरुवात करा आणि ह्य वरच थांबून नुसती हवा सोडा, तोच तो. तोच आवाज आ, ओ, ऊ नंतर आला की घशात घासलेला ख होतो, बूख म्हणजे पुस्तक.

दोन आवाज मात्र नवीन आहेत. यू वर दोन टिंबं असली तर ओठ "ऊ" चे ठेवायचे आणि आतून "ई" म्हणायचं. ओ वर टिंबं असली तर ओठ "ओ" चे आणि आतून "ए". आरशासमोर उभं राहून करा, लाज वाटते पण दुसरा उपाय नाही.

सरावाला रस्त्यावरच्या गाड्या घ्या. त्र्यंबक रोडला सिग्नलवर उभे असाल तर समोरच्या गाडीचं नाव जर्मन पद्धतीने म्हणा. फोक्सवॅगन नाही, फोल्क्सवागेन, कारण व्ही चा फ होतो आणि डब्ल्यू चा व. बीएमडब्ल्यू म्हणजे बे-एम-वे. सीमेन्स म्हणजे झीमेन्स. पोर्श नाही, पोर्शे, शेवटचा ए कधीच गिळायचा नाही. आठवडाभर असं केलं की वाचताना जीभ आपोआप वळायला लागते.

मग स्वयंपाकघर, आणि तीन लिंगं

जर्मन म्हटलं की डेर-डी-डासची भीती घातली जाते. इंग्रजीतून येणाऱ्याला वस्तूला लिंग असतं हेच मुळात नवीन असतं, आपल्याला नाही. तो, ती, ते आपण जन्मल्यापासून वापरतो, कोणी पाठ केलं होतं का की चमचा तो आणि वाटी ती? डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते. तिन्ही आहेत आपल्याकडे, हिंदीवाल्यांकडे सुद्धा दोनच.

मी काय करायला सांगते, तर एक दोनशे पानी वही घ्या आणि पानाचे दोन भाग करा. डावीकडे "जुळणारे", उजवीकडे "उलटे". आता घरातली एकेक वस्तू डिक्शनरीत बघायची. चमचा तो, डेर ल्योफेल, जुळला, डावीकडे. भात तो, डेर राइस. चहा तो, डेर टे. पाणी ते, डास वासर. मीठ ते, डास झाल्त्स. तेल ते, अंडं ते, दोन्ही डास. घर ते, डास हाउस. मूल ते, डास किंट. शाळा ती, डी शूले. भाषा ती, डी श्प्राखे. हे सगळे फुकटात मिळाले, पाठ करायचेच नाहीत. आता उलटे बघा. साखर ती, पण डेर त्सुकर. दूध ते, पण डी मिल्श. कांदा तो, पण डी त्स्वीबेल. खुर्ची ती, पण डेर श्टूल. खिडकी ती, पण डास फेन्स्टर. सुरी ती, पण डास मेसर. मेहनत फक्त उजवीकडच्या कॉलमवर करायची. सगळे शब्द सरसकट घोकण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं आणि मुख्य म्हणजे मनातली भीती जाते.

काही नियम पण आहेत ते लगेच लिहून ठेवा. शेवटी उंग, हाइट, काइट, शाफ्ट आलं की डोळे मिटून डी. शेवटी शेन आलं (आपलं "छोटुकलं" करण्याचा प्रत्यय) की डास, म्हणूनच मेट्शेन म्हणजे मुलगी ही डास आहे, आणि त्यावर जगभरचे लोक आश्चर्य करतात पण आपण "ते पोरगं", "ते लेकरू" म्हणतोच की. वार, महिने, ऋतू सगळे डेर. आणि जर्मनचे ते लांबलचक शब्द म्हणजे आपला समास, दुसरं काही नाही. शेवटच्या शब्दाचं जे लिंग तेच पूर्ण शब्दाचं. डेर श्रांक म्हणजे कपाट, क्युलश्रांक म्हणजे थंड करायचं कपाट म्हणजे फ्रिज, म्हणून तो पण डेर. क्रांकेनहाउस म्हणजे आजाऱ्यांचं घर म्हणजे हॉस्पिटल, हाउस डास म्हणून ते पण डास. मागून पुढे वाचत यायचं, कितीही लांब शब्द असला तरी सुटतो.

स्वयंपाकघरच हवं असं काही नाही. सातपूरला आमच्या ओळखीचा एक फिटर आहे, त्याने घरच्या हत्यारांच्या फळीवर प्रत्येक खिळ्याखाली ऑइल पेंटने जर्मन नाव लिहिलंय, डेर निळ्यात, डी लाल, डास हिरव्यात. हामर निळा. पक्कड, त्सांगे, लाल. करवत, झेगे, लाल. कानस, फाइले, ती पण लाल. मेझरिंग टेप, मासबांट, हिरवा. श्राउबेनश्ल्युसेल म्हणजे पाना, अक्षरशः स्क्रूची किल्ली, तो निळा. आणि नट-बोल्टमधल्या नटला जर्मनमध्ये मुटर म्हणतात, आईला पण मुटर, दोन्ही डी, फक्त अनेकवचनात फरक पडतो, आयांचं म्युटर आणि नटांचं मुटर्न. तो हत्यार काढताना नाव मोठ्याने म्हणतो आणि परत टांगताना एक छोटं वाक्य बोलतो. शिफ्टला पण तो आता फ्र्यूशिश्ट, श्पेटशिश्ट, नाख्टशिश्ट असंच म्हणतो, पहिली, दुसरी, नाइट. तुमचं जे काम असेल त्यातले शब्द आधी घ्या, नर्सिंगवाल्यांनी वॉर्डातले, शिवणकाम करणाऱ्यांनी सुई-दोऱ्याचे. पुस्तकात पहिल्या धड्यात विमानतळ असतो, आपण रोज कुठे विमानतळावर असतो.

आकडे आणि वेळ

आकड्यांना तर आपण घरच्यासारखे आहोत. जर्मन लोक आधी एकक म्हणतात मग दशक, एक-आणि-वीस, आइन-उंट-त्स्वांत्सिश. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांना हे उलटं वाटतं, पण एकवीस, बावीस, तेवीस काय आहे मग? मराठी आकड्यांवरून थेट जर्मनवर या, मध्ये ट्वेंटी-वन आणूच नका. दीडला सुद्धा त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आंडरट्हाल्प. त्यामुळे भाजी बाजारात उभं राहून मनात "दीड किलो कांदे द्या" म्हणायचं तर आंडरट्हाल्प किलो त्स्वीबेल्न, बिटे. रविवारी बाजाराची यादी जर्मनमध्ये करा, कांदे, बटाटे, द्राक्षं (डी ट्राउबे, अनेक असली की ट्राउबेन), लसूण, आलं, आणि भाव ऐकला की तो आकडा मनात जर्मनमध्ये म्हणा. वास कोस्टेट डास, केवढ्याला हे? नाशिकचा बाजार हा या कामाला फार चांगला आहे कारण आकडे सतत कानावर पडत असतात.

वेळेत मात्र एक खड्डा आहे, नीट बघून घ्या. हाल्प झीबेन, शब्दशः "अर्धा सात". आपल्याला वाटतं साडेसात. नाही, साडेसहा! सातच्या दिशेने अर्धं अंतर गेलं असा त्यांचा हिशोब. एवढ्यावरून इंटरव्ह्यू हुकू शकतो. श्टुटगार्टच्या भागात ड्राय-फिर्टेल झीबेन पण ऐकू येतं, सातच्या दिशेने पाऊण, म्हणजे पावणेसात. पावणे, सव्वा ज्याला रोजचं आहे त्याला हे पटकन कळतं.

वाक्यं: "मला" पासून सुरुवात करा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो आणि क्लासमध्ये याच्यावरच सगळ्यात कमी वेळ देतात. आपण म्हणतो मला थंडी वाजतेय. इंग्रजीत मी थंड आहे असं होतं. जर्मनमध्ये? मिर इस्ट काल्ट. मिर म्हणजे मला! डास लीट गेफेल्ट मिर, ते गाणं मला आवडतं. एस टूट मिर लाइट, मला वाईट वाटतं, माफ करा. ही जी डाटिफ नावाची विभक्ती आहे ना, जिच्यामुळे अर्धे लोक ए२ ला सोडून देतात, ती शाळेत आपण चतुर्थी म्हणून शिकलोय, स-ला-ते-स-ला-ना-ते. नॉमिनाटिफ प्रथमा, आकुझाटिफ द्वितीया, गेनिटिफ षष्ठी. इंग्रजीतून जायला लागलात तर तिथे हा "मला" हाताला लागतच नाही, म्हणून मराठी वाक्य समोर ठेवून जर्मन बांधा.

क्रियापदाचं पण तसंच. साध्या वाक्यात ते दुसऱ्या जागी बसतं, हा एक नवीन नियम आहे तो शिकावा लागेल. पण "कारण" म्हणजे वाइल आलं की क्रियापद शेवटी जातं, वाइल इश क्रांक बिन, कारण मी आजारी आहे, शब्दाला शब्द मराठी. भूतकाळात पण, इश हाबे गेस्टर्न मिसळ गेगेसेन, मी काल मिसळ खाल्ली, खाल्ली शेवटी.

आणि ते छोटे छोटे शब्द, डोख, माल, डेन. पुस्तकात यांना अर्थ नाही असं लिहितात. आहे की अर्थ! "कोम माल हेअर" म्हणजे "ये बघू इकडे". "वास माख्स्ट डू डेन?" म्हणजे "काय करतोयस तरी काय?" कोणी विचारलं भूक नाही का तुला आणि आपल्याला आहे, तर जर्मन माणूस नुसतं "डोख!" म्हणतो, म्हणजे आपलं "आहे की!" आपण दिवसभर ना, की, तर, बरं, बघू लावून बोलतो, तोच गोडवा तिकडे आहे.

डू आणि झी म्हणजे तू आणि तुम्ही, ते सांगायलाच नको. फक्त आपल्या सवयीने सर, मॅडम लावू नका, हेअर (श्री) किंवा फ्राउ (श्रीमती) आणि पुढे आडनाव, आणि समोरचा स्वतःहून डू म्हणा असं म्हणेपर्यंत झीच.

बघायचं-ऐकायचं काय

इथे लोकांची घाई होते. सगळे एकदम डार्क लावतात. ती नेटफ्लिक्सची पहिली जर्मन सिरीज, २०१७ ते २०२०, तीन सीझन, सुंदर आहे पण तीन-चार पिढ्यांचा घोळ मराठीत सांगितला तरी कागद-पेन लागेल. बी१ झाल्यावर बघा.

सुरुवात डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या निकोस वेग या व्हिडिओ कोर्सपासून करा. पूर्ण फुकट आहे, ए१ ते बी१ पर्यंत, निको नावाचा मुलगा जर्मनीत येतो आणि त्याची बॅग हरवते तिथून गोष्ट सुरू होते, प्रत्येक छोट्या भागानंतर व्यायाम. रोज एकच भाग, पण दोनदा, पहिल्यांदा सबटायटल न लावता, मग जर्मन सबटायटल लावून. इंग्रजी सबटायटल लावलं की कान बंद होतात आणि डोळे वाचत बसतात, म्हणून ते नकोच.

त्याच्या जोडीला लहान मुलांचा एक कार्यक्रम, डी झेन्डुंग मिट डेर माउस. १९७१ पासून चालू आहे, केशरी रंगाचा उंदीर असतो त्यात, आणि पेन्सिल कशी बनते, पाव कसा बनतो असं कारखान्यात नेऊन सावकाश दाखवतात. एमआयडीसीतल्या माणसाला तर हे बघताना अर्धी गोष्ट चित्रावरूनच कळते आणि शब्द मग आपोआप जागेवर बसतात.

गाण्यांत नेनाचं १९८३ चं नव्याण्णव फुग्यांचं गाणं, नॉयन-उंट-नॉयन्त्सिश लुफ्टबालोन्स, शोधा. शीतयुद्धाच्या काळातलं, फुगे आकाशात सोडले जातात आणि त्यावरून थेट युद्ध पेटतं अशी गोष्ट आहे. चाल सोपी, तो आकडा तर दोन दिवसांत पाठ होतो. गाणं नुसतं ऐकू नका, बोल समोर ठेवून बरोबर म्हणा, कारण ओठांना सवय लागली पाहिजे.

फुटबॉल आवडत असेल तर बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची फुटबॉल लीग. शनिवारचे बरेचसे सामने तिकडे दुपारी साडेतीनला, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री आठ आणि उन्हाळ्यात सात. टोर म्हणजे गोल, एके म्हणजे कॉर्नर, आपझाइट्स म्हणजे ऑफसाइड, पेनल्टीला एल्फमेटर म्हणजे "अकरा मीटर", कारण बॉल तेवढ्या अंतरावर ठेवतात. जर्मन कॉमेंट्रीची हायलाइट्स लावा, तेच तेच शब्द पन्नास वेळा येतात आणि भाषेला नेमकं तेच लागतं.

आणि एक युक्ती आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना लागू पडलीय, ती म्हणजे पाठ असलेला सिनेमा जर्मन ऑडिओ लावून बघणं. जर्मनीत बाहेरचं जवळजवळ सगळं डब करतात, ओटीटीवर ऑडिओच्या यादीत डॉइच दिसतंय का बघा. आपले हिंदी सिनेमे पण तिकडे डब झालेत, २००४ मध्ये आरटीएल-टू चॅनलवर कभी खुशी कभी गम जर्मनमध्ये लागला आणि तिथून शाहरुखचे चाहते तयार झाले. डायलॉग आधीच माहीत असले की अर्थाची काळजी राहत नाही, आपण फक्त कसं म्हटलं तेवढं ऐकतो.

थोडं जमायला लागलं की डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, खाली मजकूर पण असतो. ईझी जर्मन हे यूट्यूब चॅनल रस्त्यावरच्या लोकांशी बोलतं, पुस्तकातली आणि खरी भाषा यातला फरक तिथे कळतो.

क्लास आणि परीक्षा

क्लास लावा की, मी नको म्हणत नाही, चूक दाखवायला माणूस लागतोच. पण "दोन महिन्यांत बी१" असं कोणी सांगितलं तर उठून या. गोएथे इन्स्टिट्यूटच्या (जर्मन शिकवणारी आणि परीक्षा घेणारी जर्मन संस्था) हिशोबाने नुसत्या ए१ लाच पाऊण तासाच्या ८० ते २०० तासिका लागतात, आणि बी१ पर्यंत ३५० ते ६५०. नोकरी सांभाळून ते कसं बसवताय तुम्हीच मांडा. डेमो लेक्चरला जाऊन एकच बघा, मुलं बोलतायत की फक्त सर बोलतायत.

परीक्षेसाठी आपल्याला जवळ मॅक्सम्युलर भवन (गोएथे इन्स्टिट्यूटचंच भारतातलं नाव), पुणे किंवा मुंबई. तारखा वेबसाइटवर येतात आणि जागा पटापट भरतात, त्यामुळे तयारी झाल्यावर बघू असं करू नका, तारीख आधी हेरून ठेवा. ए१ मध्ये चार भाग, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं, १०० पैकी ६० ला पास. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि साधारण ३० शब्दांचं छोटं पत्र. नमुना पेपर त्यांच्या साइटवर फुकट आहेत, घड्याळ लावून सोडवा.

बोलण्याची परीक्षा ग्रुपमध्ये होते. आधी स्वतःची ओळख, नाव, वय, गाव, भाषा, काम, छंद, आणि मग ते एखादं नाव स्पेल करायला लावतात आणि एखादा नंबर सांगायला. इथे आपली मराठी आडनावं लांब असतात, तर स्वतःचं आडनाव जर्मन अक्षरांत न अडखळता म्हणता आलं पाहिजे, वाय ला युप्सिलोन, जे ला योट, व्ही ला फाउ. पुढच्या भागात कार्डावर एक शब्द असतो त्यावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा, आणि शेवटी चित्रावरून काहीतरी मागायचं, त्यात बिटे विसरू नका. घरी कोणालाही समोर बसवून हे करता येतं, समोरच्याला जर्मन येत नसलं तरी चालतं, त्याने फक्त कार्ड उचलायचं.

मुंबईला सेंटर आलं तर नाशिकरोडहून पंचवटी पकडून सीएसएमटी, तिथून काळा घोडा जवळच आहे. पण पेपर सकाळचा असला तर आदल्या दिवशीच जा, आणि अ‍ॅडमिट कार्डाबरोबर पासपोर्ट घेतलाय ना ते निघताना परत एकदा बघा, आणि फॉर्म भरताना पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच भरा, वडिलांचं नाव मध्ये असेल तर ते सुद्धा, नाहीतर सर्टिफिकेट आणि व्हिसाचे कागद जुळत नाहीत आणि दुरुस्त करता करता नाकी नऊ येतात.